दिवाडीच्या शेडमधली होडी: एका निवृत्त ॲडमिरलचं प्रकरण

गोव्यातल्या डिचोलीत आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी जमतो. दोघे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन छोटे कारखानदार, आणि खाणी बंद पडल्यावर खनिज वाहणाऱ्या बार्जवरून कायमचा उतरलेला माझा मामा. एखादं खरं घडलेलं प्रकरण घ्यायचं, त्यातले निर्णय सुटे करून बघायचे, आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं यावर भांडायचं आणि चहा प्यायचा, एवढाच कार्यक्रम. गेल्या महिन्यात माझी पाळी होती. मी विषय दिला: व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी, वीरचक्र. त्या दिवशी जे बोलणं झालं ते इथे नीट मांडतो आहे.

सगळ्यांना वाटलं, आता १९७१चं युद्ध, पाणबुड्या, बंगालचा उपसागर. ते येतंच, पण मी ते लवकर उरकलं. मला ज्या प्रसंगावर बोलायचं होतं तो २००६ सालचा. तेव्हा आवटींना निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली होती, वय ऐंशीला टेकलं होतं. हाताखाली जहाज नव्हतं, आणि कुणाला हुकूम सोडण्याचा अधिकारही नव्हता.

आधी माणूस

आवटींचा जन्म १९२७चा, सुरतेचा, घर मराठी. दुसरं महायुद्ध संपता संपता ते नौदलात शिरले आणि शिक्षण झालं इंग्लंडात. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांचं असंच झालं: शिकायला गेले साहेबाच्या नौदलात, आणि परतले तोवर आपला देश स्वतंत्र झालेला. पुढे बेतवा, म्हैसूर अशा नौकांची कमान त्यांच्याकडे आली. गोव्यातल्या जुन्या माणसांना ही दोन्ही नावं ओळखीची आहेत. डिसेंबर १९६१ मध्ये मुरगाव बंदरात पोर्तुगीजांच्या 'आफोंसो द आल्बुकेर्क' या युद्धनौकेवर ज्यांनी मारा केला त्यांत बेतवा होती, आणि अंजदीव बेट घ्यायला त्रिशूलबरोबर गेली ती म्हैसूर. तेव्हा या नौकांचे कप्तान दुसरे होते, हे सांगायला हवं, कारण आमच्याकडे एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याची भारी हौस.

१९७१ मध्ये ते कामोर्टावर होते. निकोबारमधल्या बेटाचं नाव असलेली ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडीविरोधी नौका, युद्धनौकांच्या मानाने लहानच. विक्रांतच्या ताफ्याबरोबर तिचं काम होतं पूर्व पाकिस्तानची समुद्राकडून कोंडी करण्याचं. चितगावच्या वाटेत सुरुंग पेरलेले, खाली पाणबुडीचा संशय, आणि अशात संशयित व्यापारी जहाजं अडवून तपासायची. या कामगिरीबद्दल वीरचक्र मिळालं. (विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांचं घर म्हणजे आपली दाबोळी. बोगमाळोच्या वाटेवरच्या संग्रहालयात तसलं एक विमान उभं आहे. मुलं त्याच्यापुढे फोटो काढतात.)

नंतर ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले, पश्चिम नौदल कमानीचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले. राहायला गेले फलटणजवळच्या विंचुर्णीला. कमी पावसाचा पट्टा, समुद्र डोंगरापलीकडे. आयुष्यभर समुद्र बघितलेल्या माणसाने असं गाव का निवडलं असेल यावर आमच्यात पंधरा मिनिटं गेली. मामाचं मत असं की, ज्याने पोटभर पाणी बघितलंय त्याला मातीच हवी असते. तो स्वतः बार्ज सुटल्यापासून मिरच्यांची रोपं लावत बसलेला असतो, तेव्हा त्याच्या मताला थोडं वजन आहे.

प्रकरण काय होतं

आवटींच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. एखाद्या भारतीयाने एकट्याने, शिडाच्या होडीतून, पृथ्वीप्रदक्षिणा करावी. आणि खरी करावी. खरी म्हणजे काय, याचे नियम ठरलेले आहेत: जिथून निघालो तिथेच परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त ओलांडायचं, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे, आणि सुएझ-पनामासारख्या कालव्यांतून जायचं नाही. कालवे नाहीत म्हटल्यावर दक्षिणेकडची तीन टोकं आलीच: ऑस्ट्रेलियाचं केप ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न आणि आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप. त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. लाट उठली की पृथ्वीला वळसा घालतच येते.

आपल्याकडे याआधी काहीच झालं नव्हतं असं नाही. लष्कराच्या अभियंत्यांनी १९८५ ते ८७ मध्ये 'तृष्णा' नावाच्या, इंग्लंडातून आणलेल्या जुन्या होडीतून जगाला फेरी मारली होती, पण पनामा कालव्यातून आणि चमूने. नौदलाची 'तरंगिणी', जी आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधली आणि १९९७ मध्ये दाखल झाली, तीही २००३-०४ मध्ये जगाला वळसा घालून आली. तिच्यावर पूर्ण खलाशीवर्ग. एकटा मात्र कुणी गेला नव्हता. मला यात बोचते ती वेगळीच गोष्ट. १९६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला माणूस म्हणजे इंग्रज रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी होडी बांधली होती मुंबईत, कुलाब्याला, आपल्याच सुतारांनी. लाकूड आपलं, हात आपले, आणि सुकाणूवर आपलं माणूस यायला पुढे चाळीस वर्षं.

नौदलाने २००६ मध्ये कल्पना उचलली. मोहिमेचं नाव ठरलं सागर परिक्रमा. आता तीन गोष्टी हव्या होत्या: माणूस, होडी, आणि होडी बांधणारा. तिघांपैकी एकही तयार नव्हता.

माणसाचा प्रश्न त्यातल्या त्यात लवकर सुटला. दिलीप दोंदे, नौदलात कमांडर, पेशाने पाणबुड्या. म्हणजे पाण्याखाली उतरून सुरुंग वगैरे हाताळणारा. शिडाच्या होड्यांची आवड होती, पण एकट्याने महासागर पार करण्याचा अनुभव शून्य. त्याला इंग्लंडला नॉक्स-जॉन्स्टनकडे धाडलं. सदुसष्ट वर्षांचे नॉक्स-जॉन्स्टन त्या वर्षी पुन्हा एकदा एकट्याने जगाभोवती शर्यत करायच्या तयारीत होते. दोंदेने त्यांच्या तयारीत हात घातला, दोऱ्या ओढल्या, सामान भरलं. शिकवणी म्हणावी तर एवढीच. आमच्यातल्या एका शिक्षकाला हे फार आवडलं. त्यांच्या मते तिकडे वर्ग भरवला असता तर दोंदे निम्मंही शिकला नसता.

कळीचा निर्णय

आता होडी. इथे मी सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, तुम्ही नौदल आहात, काय कराल?

एक रस्ता सरळ होता. परदेशात समुद्रावर तावून सुलाखून निघालेली तयार होडी विकत घ्यायची. वेळ वाचतो, धोका कमी होतो. दुसरा रस्ता म्हणजे इथे बांधायची. पण असल्या होड्या आपल्याकडे बांधतं कोण? गोवा शिपयार्ड लोखंडाच्या मोठ्या जहाजांचं. शेवटी हे काम आलं रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस फायबरग्लास या छोट्या कारखान्याकडे, मांडवीतल्या दिवाडी बेटावर. दांडेकर फायबरच्या लहानसहान होड्या बनवायचे. केप हॉर्नला जाणारी छप्पन्न फुटी शिडाची होडी त्यांनी कधी केली नव्हती.

बँकवाले काका ताडकन म्हणाले, "फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मी परत पाठवली असती. अनुभव नाही, बाजार नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही. आणि होडी बुडाली तर माणूस जातो."

मामा म्हणाला, "न्हंय वेगळी नि दर्या वेगळा. दिवाडीला बार्ज दुरुस्त केलीत म्हणून काय हॉर्नला पाठवाल?"

दोघांचंही बरोबर होतं, हे मी मान्य केलं. तरीही मला वाटतं सगळं प्रकरण याच वळणावर फिरलं, आणि त्याचं कारण कळायला ती होडी कशी बांधतात ते बघावं लागतं.

आराखडा होता हॉलंडच्या व्हॅन द स्टॅटचा, 'टोंगा ५६' नावाचा. अंग लाकडाचं, वरून फायबरचं कवच. या पद्धतीत आधी होडीच्या आडव्या छेदांचे साचे करून रांगेत उभे करतात, तेही उलटे, म्हणजे होडीचा तळ आकाशाकडे. मग सीडर लाकडाच्या बोटभर जाडीच्या लांब पट्ट्या साच्यांवर एकीला एक चिकटवत जायच्या. एकेक पट्टी वाकवायची, इपॉक्सी (सुकल्यावर घट्ट होणारी चिकट राळ) लावायची, चाप लावून धरायची, सुकू द्यायची. सूप विणताना कामटीला कामटी लावत जातात, साधारण तसं. फक्त इथे सूप सतरा मीटरचं. सगळं अंग झाकलं की तासून गुळगुळीत करायचं, त्यावर काचधाग्याचं कापड आणि पुन्हा इपॉक्सी. मग ते पालथं धूड उचलून सुलटं करायचं आणि आतूनही तेच.

ज्यांनी गोव्यातला पावसाळा काढला आहे त्यांना पुढची अडचण सांगायला नको. इथे जूनमध्ये कपाटातल्या चपलेला बुरशी येते. लाकूड दमटपणा पितं, आणि ओलसर हवेत इपॉक्सीवर चिकट थर धरतो. तो धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा हात दिला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. कळतं ते तीन वर्षांनी, चाळीस अंश दक्षिणेला. म्हणजे या कामात हुशारीपेक्षा कंटाळा न येणं महत्त्वाचं. कुणी बघत नसताना घासायचं ते घासायचंच.

आणि इथेच तो दुसरा रस्ता, तयार होडीचा, कमी पडतो. दोंदे बांधणीच्या काळात गोव्यात राहिला आणि कामावर रोज हजर राहिला. भिंतीआड कुठली वायर कुठून गेली, कुठला बोल्ट कुठल्या पाटीत रुतला आहे, पाणी कुठे साचू शकतं, हे त्याने होडी उघडी असताना बघितलं होतं. एकट्या माणसाला मध्यरात्री, वीस फुटी लाटांत, टॉर्च दातांत धरून काही दुरुस्त करायचं असतं तेव्हा नकाशा उलगडायला हात मोकळे नसतात. विकत घेतलेल्या होडीतही माणूस हे शिकतो, पण बिघडल्यावर शिकतो. काकांच्या फाइलमध्ये या गोष्टीला रकानाच नव्हता.

आणखी एक गंमत दिवाडीची. बेट मांडवीत वर, आणि समुद्राकडे जाताना मध्ये पणजीचे पूल. अशा होडीची डोलकाठी पंचवीस मीटरच्या घरात. ती उभी करून पुलांखालून जाता येत नाही. म्हणजे होडी बोडकीच खाली आणायची आणि पूल ओलांडल्यावर काठी चढवायची. शिवाय मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध धरतो आणि पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात, तेव्हा हवा तेव्हा मुहूर्त काढता येत नाही. मामाला हे सगळं तोंडपाठ. इतका वेळ गप्प होता तो या भागात एकदम रंगात आला आणि आग्वादच्या बाहेर बार्ज कशी डुलते याचं प्रात्यक्षिक त्याने खुर्चीवर बसून केलं.

होडीचं नाव ठेवलं 'म्हादई'. मांडवीचं वरचं, आईचं नाव. सत्तरी तालुक्याच्या बाजूला जुन्या पाषाणमूर्तींत होडी कोरलेली देवी सापडते; नदीवर पोट असणाऱ्यांनी तिला पुजलं असणार. मला हे नाव नेमकं वाटतं. दिवाडीच्या मातीला देवता आणि होड्या दोन्ही नवीन नाहीत. सप्तकोटीश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे आमच्या नार्वेला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मी दिवाडीला जातो तो नार्वेच्याच फेरीतून. फेरीवर स्कूटर लावली की एका बाजूला देवळाची वाट मागे पडते आणि समोर खारफुटीत दिवाडीचा धक्का. पाच-सात मिनिटांचा प्रवास, इंजिनाची घरघर, कोंबड्यांची टोपली घेतलेली एखादी बाई. इथून एक होडी थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या फॉकलंडला गेली यावर त्या वेळी विश्वास बसत नाही.

पुढे काय झालं

फेब्रुवारी २००९ मध्ये म्हादई नौदलात आली. त्याच वर्षी दोंदेने मॉरिशसची फेरी केली. जाताना सोबती, येताना एकटा. ही तालीम होती. १९ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो मुंबईहून निघाला, कारण हॉर्नला पोचायचं तर दक्षिणेचा उन्हाळा साधायला हवा. चार थांबे: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंडमध्ये पोर्ट स्टॅनली, मग केपटाऊन. मे २०१० मध्ये परत मुंबई. त्यातले १५७ दिवस समुद्रावर. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याला शौर्यचक्र मिळालं.

मामाचा प्रश्न: "एकटा माणूस झोपतो कधी?" तुकड्यातुकड्यांत. सुकाणू स्वयंचलित यंत्रणेवर सोपवायचं, घड्याळाचा गजर लावायचा, उठून क्षितिज बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं. मामा यावर बराच वेळ गप्प होता. बार्जवर रात्रपाळीला निदान चौघे तरी असतात.

ती होडी तेवढ्यावर थांबली नाही. १ नोव्हेंबर २०१२ रोजी नौदलाचाच अधिकारी अभिलाष टॉमी तीच म्हादई घेऊन निघाला, या वेळी कुठेही न थांबता. ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईला परत. त्याला कीर्तिचक्र. मग दांडेकरांकडेच म्हादईची धाकटी बहीण बांधली, 'तारिणी'. १० सप्टेंबर २०१७ रोजी वेऱ्याच्या आयएनएस मांडवी या नौदल तळावरून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि पाच जणी तिच्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. परतीच्या वाटेत सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं होतं. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच तारिणीतून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघीच निघाल्या. मे २०२५च्या अखेरीस पुन्हा गोव्यात.

मला जे सांगायचं होतं ते इथे होतं. आवटींचं वीरचक्र युद्धातलं. पण निवृत्तीनंतर त्यांनी जे लावून धरलं त्यातून दुसऱ्यांना शौर्यचक्र आणि कीर्तिचक्र मिळालं, जी शांतताकाळातली पदकं आहेत. गोव्यातल्या एका शेडमध्ये एक कसब रुजलं, ते निराळंच. त्यांनी स्वतः ना होडी बांधली, ना हाकली. अधिकाऱ्याची कारकीर्द निवृत्तीच्या तारखेला बंद करून मोजायची आपली सवय आहे. तशी मोजली तर आवटींच्या कामाचा मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो.

ज्या गोष्टी बसत नाहीत

प्रकरण इतकं गोड नाही, हेही बोललो. दिवाडीलाच सुहेलीच्या धर्तीवर एक बत्तीस फुटी होडी बांधली गेली, 'थुरिया'. जुन्या पद्धतीने, आधुनिक साधनांशिवाय होणाऱ्या गोल्डन ग्लोब शर्यतीत २०१८ मध्ये टॉमी ती घेऊन उतरला. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात होडी कलंडली, डोलकाठ्या मोडल्या, त्याच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. हलताही येत नव्हतं. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. म्हणजे काकांनी म्हटलेलं "माणूस जातो" हे फार लांब नव्हतं. टॉमी पुन्हा उभा राहिला, पुढच्या खेपेला वेगळ्या होडीतून तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली, हा त्याचा चिवटपणा. त्याने आधीचा धोका कमी ठरत नाही.

दुसरा मुद्दा एका कारखानदाराचा, आणि तो मला अजून छळतो. हे सगळं एका शेडवर आणि दोन-चार माणसांवर उभं राहिलं. एक हट्टी म्हातारा, एक तयार होणारा कमांडर, एक होडीवाला. यांतला एक जरी नसता तर? नौदलाने पुढे वेऱ्याला शिडाच्या होड्यांसाठी वेगळा विभाग केला, म्हणजे नौदलापुरतं उत्तर मिळालं. पण म्हादईसारख्या होड्या मागणारी दुसरी गिऱ्हाइकं आपल्याकडे किती? दांडेकरांनी पुढे शिवलेल्या फळ्यांचं 'कौंडिण्य' जहाजही उभारून दिलं, अजिंठ्यातल्या चित्रावरून, केरळच्या कारागिरांच्या हातून. २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. तिथेही मागणी सरकारी खजिन्यातूनच आली.

आवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. तारिणी परत आली ती त्यांच्या हयातीत, आणि टॉमीचा अपघातही.

शेवटी आम्ही नेहमीसारखे हात वर केले. नौदलाच्या जागी असता तर होडी दिवाडीला दिली असती का? पाच हो, तीन नाही. मामाने हो म्हटलं, याचं मला आश्चर्य वाटलं. काकांनी नाहीच म्हटलं, आणि चहाचा कप खाली ठेवत वर म्हणाले, "आता सगळं होऊन गेलंय म्हणून तुम्ही हात वर करताय. तेव्हाचे कागद माझ्यापुढे ठेवा, मी आजही नाहीच म्हणेन."